आबा मागं तोंड करून बसायचे

गुरुवार, ३१ जुलै २०२५
मळ्यातून, तासगाव

आधी आली ती भामाबाई. ताक मागायला आले म्हणाली, पण हातात भांडं नव्हतं. मी ओळखलं, काहीतरी बघून आलीय. म्हणाली, "आक्का, बेदाण्याच्या शेडापशी पांढरी गाडी रुतलीया. आत धोतराचा म्हातारा हाय आन् प्यांटीची पोरगी. तुमचंच नाव इचारत्यात. कोरटाचं काय हाय का?" मी म्हटलं, कोर्टाचं असतं तर गाडी रुतली नसती, ते लोक बरोबर दारात येतात.

हंबीर, तुला वाटेल अक्का वर आशीर्वाद घालायला विसरली. विसरले नाही. माझा फोन तू बारा वर्षं उचलत नाहीस. आशीर्वाद वाचून तू पाकीट मिटवशील, म्हणून आधी भामाबाई घातली. लहानपणी माझ्याकडं आलास की थोरल्या भामाबाईच्या गोष्टीला तू जेवण सोडून बसायचास. ही तिची सून हो, सासूचंच नाव आणि सासूचेच कान.

तर शेडातल्या शेळ्या ओरडायला लागल्या, चारजणांनी गाडी ढकलली आणि ते दोघं चिखलाच्या पायांनी ओट्यावर आले. म्हातारे सुमंतराव, वाईचे. वय अठ्ठ्याहत्तर, म्हणजे माझ्यापुढं पोरच. बरोबर त्यांची नात शरयू. पोरगी गोड आहे. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुमच्याकडे शेणाचा वास छान येतो." आमची शिवांजली फुस्सकन हसली. माझी नात शहाणी आहे, पण पाव्हण्यांसमोर हसू आवरत नाही तिला. चहात मी सवयीनं तीन चमचे साखर घातली, आणि मग कळलं सुमंतरावांना साखर आहे. तरी प्याले बिचारे.

म्हणाले, आधी आम्ही साताऱ्याला तुमच्या भावाकडे गेलो. त्यांनी फाटकातूनच सांगितलं, "आमच्यात कोण विमानात नव्हतं." शोभलं का रे तुला? पेन्शनीतला सुभेदार तू, दारात आलेल्या माणसाला पाणी तरी विचारायचंस. मग माझा पत्ता त्यांना मिळाला. कुणी दिला ते सांगत नाही. फाटकाच्या आतल्याच माणसानं दिला, आणि तिला तू बोललास तर मला कळेल.

त्यांनी पिशवीतनं एक वही काढली. निळा पुठ्ठा, कडा वाळवीनं खाल्लेल्या. सुमंतरावांचे वडील लढाईत बर्मावर विमान चालवायचे, त्यांची ही उड्डाणाची वही. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, आणि मागं कोण बसलं त्याचं नाव. शरयू बोट ठेवून वाचत गेली, साळुंखे, साळुंखे, साळुंखे. एक्केचाळीस वेळा. हंबीर, आपल्या आबांचं नाव. मी इंग्रजी वाचू शकत नाही, पण तेवढ्या ठिकाणी बोट फिरवून बघितलं. शाई अजून खरखरीत लागते.

सुमंतराव वडिलांवर छोटं पुस्तक करणार आहेत. मला म्हणाले, "ताई, तुम्ही तुमच्या वडिलांविषयी दोन पानं लिहून द्या. मुलीनं लिहिलेली." मी म्हटलं, चौथी पास बाई मी, ती पण गुरुजी मामा लागत होते म्हणून. तर म्हणाले, तुम्ही बोलता तसं लिहा.

मग जाता जाता त्यांनी एक विचारलं, ते मी मागनं लिहीन. मी म्हटलं, मला काय माहीत. आणि त्यांच्या पिशवीत चार काकड्या घातल्या.

शिवांजली पोस्टात टाकेल म्हणते. तिला सांगितलंय, फोटो काढून फोनवर पाठवायचं नाही, कागदच गेला पाहिजे. फोन तू बंद करतोस. कागद कसा बंद करशील?

तुझी अक्का


मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

राखी आत आहे. लोकरीची, बिनचमकीची, तुला चमक टोचते म्हणून. बांधायची नसली तर देवापाशी ठेव, बाकीच्या अकरा आहेतच तिथं. मला माहीत आहे. कसं माहीत, ते विचारू नको.

पत्र पोचलं हे कळलं. तू ते वाचून खिशात घातलंस आणि बाहेर फिरायला गेलास, दीड तासानं आलास. बरं झालं. आता ऐक, आज गप्पा कमी.

कालपासून मी आबांवर दोन पानं लिहायला बसते आणि पहिल्याच ओळीला अडते. "माझे वडील विमान चालवत होते" असं लिहिलं की पेन पुढं जात नाही. तुला तरी आठवतं का रे, आबा एसटीत कुठं बसायचे? डायवरच्या मागं ती उलटी सीट असायची, सगळ्यांकडं तोंड केलेली. गाडी रिकामी असली तरी आबा तिथंच. पाटणपासून कराडपर्यंत मागं पळणारा रस्ता बघत. तुला उलट्या सीटवर मळमळायचं, तू माझ्या मांडीवर ओकला होतास उंब्रजला. आई म्हणायची, "आवं, सरळ बसा की माणसासारखं." आबा म्हणायचे, "मला हितनंच बरं दिसतंय." आता नवीन गाड्यांना ती सीटच नाही. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट झाली आणि बसायला गुडघे उरले नाहीत.

तर आबा त्या विमानात असेच बसायचे. साहेब, म्हणजे सुमंतरावांचे वडील, पुढं, आबा पाठीला पाठ लावून, मागं तोंड, हातात मशीनगन. मागनं शत्रूचं विमान आलं तर आबांनी बघायचं. साहेबांचा जीव आबांच्या डोळ्यांवर होता. हे मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी, बारा वर्षांमागं, गावातल्या वाचनालयाच्या कोनशिलेच्या वेळी.

किती थाट केला होतास तू. फेटा, मांडव, साताऱ्यावरनं फोटोवाला. दगडावर आबांचं नाव, आणि पुढं कोरलेलं, वैमानिक. मी बायकांत बसले होते, आणि उठून म्हटलं, "आबा विमान चालवत नव्हते, मागं बसायचे." एवढंच बोलले. सगळ्या मांडवानं माझ्याकडं बघितलं आणि मला पुढचं सुचेना. मग अमृतआण्णा बोलले. गेले ते, देव त्यांचं भलं करो, पण जीभ कशी होती! "मागं? म्हंजी किलीनर म्हणा की! टरकाला असतोय तसा!" आणि सगळी माणसं हसली. आपली माणसं! टरकावर डायवर आणि किलीनर एवढंच बघितलेलं, त्यांना तिसरं काय माहीत? तू फेटा काढलास, खुर्चीवर ठेवलास आणि चालत स्टँडवर गेलास. तुला पल्टनीत सगळे वैमानिकाचा पोरगा म्हणायचे, आणि गावात दुसऱ्या दिवसापासून किलीनरचा पोरगा. माझ्यामुळं.

मी खोटं बोलले नव्हते, हंबीर. अर्धं बोलले होते. अर्ध्यानं जास्त लागतं.

तो दगड अजून वाचनालयामागं पालथा पडलाय. गेल्या वर्षी गेले होते, त्यावर शेळी बसली होती.

हात भरून आला. भाकरी थापायला बसले तर सहा थापेन, पण पेन धरलं की अंगठा दुखतो. माझ्या हाताला जड गोष्टींची सवय आहे, हलक्याची नाही.

अक्का


सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

आज सकाळी शिवांजलीनं माझ्या डोक्याला तेल लावलं आणि म्हणाली, "आज्जी, तू झोपंत बोलतीस." मी विचारलं काय बोलते. म्हणाली, "बैल सोडा, बैल सोडा." घरात गेली वीस वर्षं बैल नाही, ट्रॅक्टर आहे. पोरीला हसू आलं. मला नाही आलं. थकले रे मी. ऐंशी वर्षांची झाले, माझ्यामागं हे कुणाकडं जाणार? म्हणून आज सगळं लिहिते. बसून वाच, आणि बायकोलाही, लीलाला, शेजारी बसव.

आबांनी पितरपाखात घातलेला शेवटचा म्हाळ आठव. तू रजेवर आला होतास, वर्दीच्या इस्त्रीचं बघत बाहेर होतास. आबांचे हात कापत होते, म्हणून पानं मी मांडत होते. दरवर्षी ते पितरांची पानं झाली की एक पान जास्त मांडायचे, भिंतीकडं, आणि त्याच्या शेजारी हिरव्या गवताची एक पेंढी. तू एकदा मला विचारलं होतंस ते कुणाचं. मी म्हटलं होतं, तुला काय करायचंय. तेव्हा मलाही माहीत नव्हतं, मोठेपणा करत होते.

त्या वर्षी मी विचारलं. आबा म्हणाले, "दार लोट."

ते विमान म्हणे वरनं सरळ खाली झेप घ्यायचं, घारीसारखं. खाली जाताना साहेबांना जमीन दिसायची आणि आबांना आभाळ. बॉम्ब टाकून विमान वर वळलं की साहेबांना आभाळ आणि आबांना जमीन. म्हणजे टाकायच्या आधी काय होतं ते साहेबांनी बघायचं, टाकल्यावर काय झालं ते आबांनी. आणि विमानातल्या फोनवरनं साहेबांना सांगायचं, लागलं का नाही.

एका सकाळी नदीचा उतार होता, गाड्या पाण्यातनं पलीकडं जायची जागा. शत्रू तिथनं दारूगोळा नेतो अशी खबर होती. उतारावर गाड्या होत्या, खबरीप्रमाणं. साहेबांनी टाकलं. विमान वर वळलं आणि आबांनी खाली बघितलं. आबा म्हणाले, "आक्के, बाजाराचा दिस व्हता. आपल्या पाटणच्या बाजाराला जात्यात तशा गाड्या. बाया व्हत्या. टोपल्या तरंगत व्हत्या. आन् एक बैलजोडी पाण्यात, जू तसंच मानंवर. एक मेला व्हता. दुसरा काठाकडं वडत व्हता, आन् मेलेला त्येला खाली वडत व्हता. मी दिसंस्तवर बघितलं. मागंच तोंड माजं, दुसरीकडं बघू कुठं?"

साहेबांनी फोनवर विचारलं, "साळुंखे, लागलं?" आबा म्हणाले, "बरोबर लागलं, साहेब. दारूगोळाच व्हता."

एवढं सांगून त्यांनी मला पेंढी आणायला पाठवलं.

आता तुला ओढा आठवतो का? घोटाभर पाणी असलं तरी आबा जुपलेली बैलं त्यात घालायचे नाहीत. भरली गाडी दोन मैल वळसा घालून फरशीच्या पुलावरनं आणायचे. आणि मोकळी जोडी असली तर जू काढून आपल्या खांद्यावर घ्यायचे, बैल पुढं, आबा मागं जू घेऊन पाण्यातनं. गाव हसायचं. "साळुंख्याची बैलं जावाई हैत!" तुला शरम वाटायची, तू पुढं पळत यायचास. मी पण पळायचे. कारण कुणाला माहीत होतं?

मी आबांना म्हटलं, हंबीरला सांगू का? म्हणाले, "नगं. त्येला पल्टनीत ऱ्हायाचंय. हुकूम आला की त्येचा हात थांबाय नगं." आणि म्हणाले, "माझं नाव कुठं लिवलं तर इमान चालवलं म्हणून लिवू नका. साहेबाचं काम माझ्या नावावर नगं, आन् मी जे बघितलं ते साहेबाच्या नावावर नगं."

म्हणून मी मांडवात उठले होते. शब्द पाळायला उठले आणि निम्म्यातच बसले.

पण एक कबूल करते, हे तुला पहिल्यांदाच सांगते. तू पेन्शनीत आलास तेव्हा तुला सांगता आलं असतं. मनाई तुझ्या नोकरीपुरती होती. मी सांगितलं नाही. तुला शाळा मिळाली, मला चौथी. तुला वर्दी, तुला रान, तुला आबांचं नाव. मला आबांची ही एकच गोष्ट मिळाली होती, ती मला वाटून घ्यायची नव्हती. म्हातारपणी हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

आबा गेल्यावर ते पान मी इथं मांडते, सत्तावीस वर्षं झाली. घरात सांगितलंय गाईचं पान आहे. गाय तीन वेळा बदलली, कुणी विचारलं नाही.

अक्का


गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

गौरी गेल्या परवा. शिवांजलीनं या वर्षी गौरीला माझं लग्नातलं हिरवं लुगडं नेसवलं, गौरी माझ्यापेक्षा बरी दिसली. भामाबाई म्हणाली, "आक्का, गौरीच्या तोंडावर तुमचाच रागीटपणा उतरलाय." तिला पुरणपोळी कमी वाढली मी.

आणि कालच वाईकर परत आले. मीच शरयूला बोलावणं धाडलं होतं. तुला लिहून झाल्यावर मला धीर आला, आधी तुला, मग त्यांना, असं ठरवलं होतं. पहिल्या खेपेला जाता जाता सुमंतरावांनी जे विचारलं होतं ते हेच होतं. त्यांचे वडील शेवटच्या आजारपणात सारखं म्हणायचे, "साळुंख्याला विचारा, मागनं काय दिसलं." आणि मी काकड्या देऊन वाटेला लावलं होतं.

या वेळी चहा बिनसाखरेचा केला. भीती वाटत होती. आबांनी साहेबांना आयुष्यभर जे सांगितलं नाही ते मी त्यांच्या मुलाला सांगायचं. आबांचा शब्द मोडतो का, हा एक घोर. पण अर्धं बोलल्यावर काय होतं ते मी बघितलंय.

सगळं सांगितलं. बाजार, टोपल्या, जू, आणि ते जास्तीचं पान. शरयू आधी लिहून घेत होती, मग तिनं पेन खाली ठेवलं.

सुमंतरावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाबांना अंदाज होता. ते म्हणायचे, त्या दिवशी साळुंख्याचा आवाज उशिरा आला. एरवी तो ताबडतोब सांगायचा. त्या दिवशी एवढा थांबला, की त्या थांबण्यातच मला कळलं." मी म्हटलं, मग विचारलं का नाही त्यांनी? लढाई संपल्यावर तरी? वाई ते पाटण असं लांब किती? म्हणाले, "साळुंख्यानं मला झोप लागावी म्हणून सांगितलं, मग मला झोप लागत नाही हे मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू, असं म्हणायचे."

बघ हंबीर. दोन माणसं, पाठीला पाठ. दोघांनी एकमेकांसाठी लपवलं आणि दोघंही जागे राहिले. आणि त्यांची पोरं आपण, सत्तरी-ऐंशीच्या घरात येऊन बसलो तरी एकमेकांशी बोलत नाही.

सुमंतराव म्हणाले, पुस्तकात वडिलांच्या गौरवाबरोबर हेही छापणार. मी विचारलं, वडिलांना कमीपणा नाही का येणार? म्हणाले, "ताई, नुसता गौरव बाबांनीच फाडून टाकला असता." मग उठताना दाराशी थांबले आणि लाजल्यासारखे म्हणाले, "ते पान तुम्ही मांडता, तेव्हा आम्ही आलो तर चालेल का? बाबांनी कधी मांडलं नाही. त्यांना कुणासाठी मांडायचं ते माहीत नव्हतं."

मी म्हटलं या. मग त्यांनी कॅलेंडर बघून दिवस ठरवला.

माझी दोन पानं त्यांना अजून दिली नाहीत. ही चारही पत्रं म्हणजेच ती पानं आहेत. आबांचं नाव तुझ्याकडं आहे आणि गोष्ट माझ्याकडं, दोन्ही मिळून द्यायचं का नाही ते तू सांग. नको म्हणालास तर तूच ती चुलीत घाल, मी रुसणार नाही.

आज दुपारी लीलाचा फोन आला. आता नाव लिहिते, तुला कळलेलंच असणार. म्हणाली, "वन्सं, ह्यांनी तुमचं तिसरं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. सकाळी माळ्यावर चढले, म्या ओरडले, ह्या वयात पडायचं हाय का. तर आबांचं जू घिऊन खाली उतरले. आंगणात बसून त्येला तेल लावत्यात." मी विचारलं, कोणतं तेल? म्हणाली, "जवसाचं. गिरणीतनं आणलं, डोक्याचं घ्या म्हटलं तर ऐकलं न्हाई."

मला वाटलं होतं ते जू तू कधीच विकलं असशील.

मी या वर्षी थकलेय, माझ्या हातनं वाकून पान मांडवत नाही. पेंढी शिवांजली कापून ठेवेल, बांधावर हिरवं गवत आहे. बाकी मांडायचं काम तुझं. जू आण, भिंतीला टेकवून ठेवू, पानाशेजारी. साताऱ्याहून सकाळी साडेपाचची गाडी धर, विट्याला बदल. तुला अजून पंचाहत्तर लागायची आहे, त्यामुळं अर्धं तिकीट पडेल, तेवढं सुभेदाराला जड नाही. जू गाडीत वर टाकू देऊ नको, मांडीवर घे. कंडक्टरनं काही विचारलं तर सांग, वडिलांचं आहे.

वाईकर यायचे म्हणालेत ते सर्वपित्रीला, रविवारी, एकवीस सप्टेंबरला, दहाच्या आत.